नाव तेच, काउंटी वेगळी!

अमेरिकेतल्या स्थळाची ‘चौकशी’ आता घरबसल्या होते. दारू पिऊन गाडी चालवल्याची केससुद्धा नेटवर दिसते! पण कोर्टाचा रेकॉर्ड सापडणं वेगळं आणि तो वाचता येणं वेगळं. हा धडा मी चांगलाच तोंडावर आपटून शिकले.

सकाळी साडेपाचला फोन वाजला की अमेरिकेतल्या मराठी माणसाच्या पोटात आधी गोळा येतो. घरी कुणी आजारी तर नाही? मग स्क्रीनवर ‘मावशी पुणे’ दिसतं, मावशी नेहमीच्या आवाजात बोलायला लागते आणि जीव भांड्यात पडतो. गोष्ट २०२४ च्या जुलैमधली.

“झोपली होतीस का गं?”

“नाही मावशी, दारात रांगोळी काढत होते.”

“चेष्टा पुरे. ऐक. धाकटीसाठी स्थळ आलंय. तुझ्याच तिथलं, टेक्सासचं. फ्रिस्को म्हणून गाव आहे. लांब आहे का गं तुला?”

मी राहते अर्विंगला. डॅलसच्या शेजारी. फ्रिस्को म्हणजे ट्रॅफिक नसेल तर अर्धा तास.

“मग बघ की जरा! मुलगा छान आहे, पगार उत्तम, स्वतःचं घर घेतलंय. पण तीन वर्षं झाली, भारतात एकदाही फिरकला नाही. आजी गेली तेव्हासुद्धा आला नाही म्हणे. मला मेलं काहीतरी पाणी मुरतंय असं वाटतं.”

पूर्वी ही चौकशी कुणीतरी लांबचे काका करायचे. मुलाच्या ऑफिसात ओळखीचा माणूस, सोसायटीतल्या जोशीकाकू, कोपऱ्यावरचा पानवाला... तिघांकडून रिपोर्ट आला की झालं. आता मुलगा आठ हजार मैलांवर, तिथे ना जोशीकाकू ना पानवाला. मग ते काम तिकडच्या भाच्यांच्या गळ्यात पडतं.

मावशीच्या टेन्शनला कारणही होतं. मे महिन्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनियरांना उडवलं होतं. माझी मावसबहीण त्याच वयाची, तीही आयटीतली, तीही रात्री उशिरा टू-व्हीलरवरून घरी येणारी. त्या बातमीनंतर मावशीच्या लेखी ‘पितो का?’ हा प्रश्न पत्रिकेच्याही आधी आला. आणि ‘पिऊन चालवतो का?’ हा त्याच्याही आधी.

मी म्हटलं, “बघते.” मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. लोकांच्या कामातल्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. एका मुलाचा रेकॉर्ड शोधणं म्हणजे काय मोठंसं?

एक डॉलरचा चुना

पहिली चूक सगळे करतात तीच केली. गुगलवर मुलाचं नाव टाकून पुढे ‘डीडब्ल्यूआय रेकॉर्ड’ लिहिलं. वर आल्या त्या ‘माणूस शोधून देणाऱ्या’ खासगी साइट्स. एकीवर क्लिक केलं. पट्टी सरकायला लागली... ‘पोलीस रेकॉर्ड तपासतोय’... ‘कोर्ट रेकॉर्ड तपासतोय’... ‘सावधान! पुढची माहिती धक्कादायक असू शकते!’ माझ्या छातीत धडधड. मग आला कार्ड नंबर टाकायचा रकाना. एक डॉलर फक्त!

डॉलर दिला. मिळालं काय? तीन पत्ते, त्यातले दोन भलत्याचेच, आणि एक बंद पडलेला फोन नंबर. धक्का बसला, पण तो पुढच्या महिन्यात कार्डावर तीस डॉलर लागले तेव्हा!

यातली मेख नंतर कळली. या साइट्स वेगवेगळ्या काउंट्यांतून गोळा केलेली माहिती विकतात आणि ती बऱ्याचदा शिळी असते. केस पुढे सुटली, रद्द झाली तरी यांच्याकडे जुनीच ओळ असू शकते. शिवाय तळाला बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की, नोकरी देण्यासाठी किंवा भाडेकरू निवडण्यासाठी हा रिपोर्ट वापरू नका. कारण त्यासाठी अमेरिकेत १९७० पासून ‘फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट’ आहे. कंपनीला दुसऱ्या एजन्सीकडून तुमचं बॅकग्राउंड चेक करून घ्यायचं तर आधी तुमची लेखी परवानगी लागते, आणि त्यावरून नोकरी नाकारायची तर रिपोर्टची प्रत तुम्हाला द्यावी लागते. लग्नासाठी शोधणाऱ्या मावश्यांना मात्र असला काही कायदा नाही!

जिल्ह्याचा अमेरिकन चुलतभाऊ

मग ऑफिसातली एक टेक्सन मैत्रीण म्हणाली, “पैसे कशाला घालवतेस? काउंटीच्या साइटवर जा.”

काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्याचा अमेरिकन चुलतभाऊ. एकट्या टेक्सासात २५४ काउंट्या आहेत. ह्यूस्टन जिच्यात येतं त्या हॅरिस काउंटीत ४७ लाख लोक, तर लव्हिंग नावाच्या काउंटीत २०२० च्या जनगणनेत भरले फक्त ६४! पण कोर्ट दोघींनाही आहे आणि तिथले खटल्यांचे कागद सांभाळणारा क्लार्कही.

पिऊन गाडी चालवण्याचा गुन्हा तिकडे राज्याच्या कायद्यात येतो. त्यामुळे त्याचं नावही राज्यागणिक बदलतं. कॅलिफोर्नियात डीयूआय, टेक्सासात डीडब्ल्यूआय, मिशिगन-विस्कॉन्सिनमध्ये ओडब्ल्यूआय, मॅसॅच्युसेट्समध्ये ओयूआय. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा बहुतेक सगळीकडे ०.०८ टक्के. युटाहमध्ये ती २०१८ च्या अखेरीपासून ०.०५ आहे. (आपल्याकडे ती ०.०३, म्हणजे कागदावर आपणच जास्त कडक!) आणि खटला उभा राहतो तो साधारणपणे जिथे पकडलं त्या भागातल्या कोर्टात. माणूस राहतो कुठे याच्याशी त्याचा संबंध नसतो.

हे वाक्य लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवलं नाही.

हे रेकॉर्ड सगळ्यांना बघता का येतात? कारण कोर्टाचं काम उघड्यावर चालावं, अशी तिकडची जुनी परंपरा आहे. कोर्टाचे कागद बघण्याचा आणि त्यांच्या प्रती घेण्याचा लोकांना सर्वसाधारण हक्क आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली म्हटलं. फौजदारी खटला लोकांसमोर चालवण्याबद्दलचा निकाल १९८० चा. त्याच १९८० साली, तेरा वर्षांच्या मुलीला एका प्यायलेल्या ड्रायव्हरने उडवल्यावर कॅन्डेस लाइटनर या आईने ‘मॅड’ ही संघटना काढली. तिचे कार्यकर्ते आजही काही ठिकाणी कोर्टात मागच्या बाकावर बसून अशा केसेसचं काय होतं ते टिपून ठेवतात. २०२२ या एका वर्षात अमेरिकेत प्यायलेल्या ड्रायव्हरांच्या अपघातांत १३,५२४ माणसं गेली. त्यामुळे ‘केली असेल एखादी चूक, सोडून द्या’ असं म्हणण्याइतकी ही गोष्ट किरकोळ नाही. मलाही ती तशी वाटत नव्हती. म्हणून तर शोधत होते.

सापडलं!

बायोडेटावर पत्ता फ्रिस्कोचा. नकाशात पाहिलं, घर कॉलिन काउंटीत. कॉलिन काउंटीची कोर्ट रेकॉर्डची साइट उघडली. फुकट. आडनाव, नाव, एंटर.

एक ओळ आली.

तेच नाव, तेच आडनाव. पुढे केस नंबर, दाखल झाल्याचं साल २०१८ आणि गुन्हा - ड्रायव्हिंग व्हाइल इन्टॉक्सिकेटेड.

खोटं कशाला सांगू, वाईट वाटायच्या आधी मला भारी वाटलं. सापडलं! रात्रीचे साडेअकरा वाजले होते, पुण्यात सकाळचे दहा. स्क्रीनशॉट काढला, मावशीला व्हॉट्सॲप केला. खाली लिहिलं, ‘हे बघ.’

बस्स. दोन शब्द.

मावशीने तो काकांना पाठवला. काकांनी मध्यस्थ बाईंना. त्यांनी ‘आमच्या कानावर असं आलंय’ म्हणून मुलाच्या आईला. मी सकाळी उठून कॉफी करेपर्यंत माझ्या फोनवर अनोळखी नंबर वाजत होता.

“नमस्कार. तुमचा नंबर मध्यस्थांकडून मिळाला. तुम्ही पाठवलेला स्क्रीनशॉट माझ्या आईने बघितला. तो माणूस मी नाही. २०१८ साली मी टेक्सासमध्ये नव्हतोच, ओहायोत शिकत होतो. कृपया एकदा खात्री करून घ्याल?”

आवाज शांत होता. चिडला असता तर बरं वाटलं असतं. मी ‘हो, बघते’ म्हणून फोन ठेवला. मनात म्हटलं, असं तर सगळेच म्हणतात.

मॅकिनीची वारी

तरी चैन पडेना. साइट पुन्हा उघडली आणि रात्री जे करायला हवं होतं ते आता केलं. केस नंबरवर क्लिक केलं! आत अख्खी कुंडली. अटक कुणी केली, जामीन किती, वकील कोण, तारखा किती पडल्या. आणि शेवटी ‘डिस्पोझिशन’ म्हणजे निकालाचा रकाना. त्यात लिहिलं होतं, ‘डिसमिस्ड’. २०१९ साली.

म्हणजे त्या ओळीतला माणूस कुणीही असो, त्याच्यावरचा आरोप काढून घेतलेला होता. आणि मी फक्त आरोपाची ओळ पुण्याला पाठवली होती.

पण माणूस तोच की दुसरा? आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये असतं. तिकडच्या रेकॉर्डमध्ये त्याचं एक अक्षर उरतं, कधी तेही गळतं. आपली आडनावं आपल्याला शेकड्यांनी माहीत, पण पाटील, कुलकर्णी, देशमुख ही नावं घेऊन डॅलसच्या आसपास किती इंजिनियर फिरत असतील? एका नावाचे दोघे सहज निघतात. माझ्या आधीच्या टीममध्येच एका नावाचे दोन ‘अमित’ होते, त्यांचे ईमेल एकमेकांना जायचे!

मूळ कागद साइटवर उघडत नव्हते. सुट्टी टाकली आणि गाडी काढली. कॉलिन काउंटीचं कोर्ट मॅकिनी गावात, ब्लूमडेल रोडवर. मोठी स्वच्छ इमारत, दारात विमानतळासारखी तपासणी. पर्स ट्रेमध्ये, पट्टा ट्रेमध्ये. मला वाटलं, कुणीतरी विचारणार, ‘तुम्ही कोण? तुमचा काय संबंध?’ आपल्याकडच्या कोर्टात नक्कल काढायला गेलेल्यांना हा प्रश्न पाठ असेल. इथे खिडकीतल्या बाईंनी फक्त केस नंबर विचारला. संबंध विचारलाच नाही. सरकारी वकिलाने दाखल केलेल्या आरोपपत्राची प्रत हवी म्हटलं. पानाला एक डॉलर. हा मात्र डॉलर वसूल!

दोन पानं हातात आली. मधल्या नावाचं अक्षर वेगळं. जन्मसाल अकरा वर्षांनी वेगळं.

मी टेस्टर आहे. आमच्या भाषेत याला ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ म्हणतात. ज्युनिअरने असा बग माझ्याकडे आणला असता तर मी त्याला विचारलं असतं, “व्हेरिफाय केलंस का?”

त्या दुसऱ्या माणसाचाही विचार आला. पन्नाशीकडे झुकलेला कुणीतरी आपलाच माणूस. केस डिसमिस होऊन पाच वर्षं झाली, तरी नाव शोधलं की पहिली ओळ तीच. टेक्सासात असा रेकॉर्ड आपोआप पुसला जात नाही. ‘एक्स्पंक्शन’साठी वेगळा अर्ज करावा लागतो, बहुतेकदा वकील गाठावा लागतो. त्याने तो केला नसेल, किंवा करायचा असतो हे त्याला माहीतही नसेल. आणि त्याचं नाव पुण्यातल्या चार घरांच्या व्हॉट्सॲपवर फिरवलं कुणी? मी!

“माझी केस आहे. पण डेंटनला.”

पार्किंगमध्ये उभी राहूनच मुलाला फोन लावला. माफी मागितली. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “थँक्स. पण आता तुम्ही एवढ्या लांब गेलाच आहात तर सांगतो. माझी एक केस आहे. कॉलिनला नाही, डेंटनला.”

फ्रिस्को शहराच्या मधून काउंटीची हद्द जाते. पूर्वेचा भाग कॉलिन, पश्चिमेचा डेंटन. त्याचं घर कॉलिनमध्ये, पण ३१ डिसेंबर २०२१ च्या रात्री पार्टीवरून परतताना पोलिसांनी त्याला थांबवलं ते हद्दीच्या पलीकडे. कुणाला धडक नाही, इजा नाही. पण मशीनमध्ये आकडा ०.०८ च्या वर आला आणि नव्या वर्षाची पहिली सकाळ कोठडीत उजाडली.

म्हणजे मला जे सापडलं ते त्याचं नव्हतं, आणि जे त्याचं होतं ते मला सापडलंच नव्हतं. फॉल्स पॉझिटिव्ह आणि फॉल्स निगेटिव्ह, एकाच रात्री! आमच्या ऑफिसात यावर अप्रेझल अडकतं.

पुढचं तो सलग बोलत गेला. टेक्सासात पहिला डीडब्ल्यूआय सिद्ध झाला तर कमीत कमी तीन दिवस, जास्तीत जास्त १८० दिवस कैद. पण २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला, आकडा ०.१५ च्या खाली असेल तर, ‘डिफर्ड ॲडज्युडिकेशन’ मिळू शकतं. गुन्हा कबूल करायचा, कोर्ट लगेच दोषी ठरवत नाही, देखरेखीखाली ठेवतं. अटी पाळल्या तर केस डिसमिस. त्याला एक वर्ष मिळालं. गाडीत ‘इग्निशन इंटरलॉक’ बसवलं. नळीत फुंकर मारायची, श्वासात अल्कोहोल नसेल तरच इंजिन सुरू होणार. “ऑफिसच्या पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी सगळ्यांसमोर फुंकायचो,” तो म्हणाला. “पहिला महिना सगळे गेल्यावर निघायचो. नंतर म्हटलं, बघू देत.”

आणि भारतात का आला नाही? हे ऐकून मी गप्पच झाले. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं नोव्हेंबर २०१५ पासून धोरण आहे की, गेल्या पाच वर्षांत पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली असली तरी व्हिसा रद्द करता येतो. दोषी ठरायचीही गरज नाही. त्याचा एचवन-बीचा शिक्का तसाच रद्द झाला. अमेरिकेत राहून काम करता येत होतं, पण एकदा बाहेर पडलं की नवा व्हिसा, दूतावासाच्या डॉक्टरची तपासणी आणि त्या सगळ्याला किती महिने लागतील याची खात्री नाही. शिवाय टेक्सासच्या हिशेबी त्याची केस डिसमिस असली, तरी गुन्हा कबूल केल्यामुळे इमिग्रेशनच्या हिशेबी ती दोषसिद्धीच. म्हणून आजी गेली तेव्हा तो आला नाही. व्हिडिओ कॉलवर अंत्यदर्शन घेतलं.

“घरी काय सांगितलं?”

“प्रोजेक्ट आहे म्हणून.”

मावशीला जे पाणी मुरताना दिसलं होतं, ते हे होतं.

चौकट : शोधायचंच असेल तर...

*आधी काउंटी, मग नाव.* माणूस राहतो ती काउंटी नव्हे, पकडला ती काउंटी. शहराची हद्द आणि काउंटीची हद्द एक नसते. डॅलस शहरच पाच काउंट्यांत पसरलंय! आजूबाजूच्या सगळ्या काउंट्या बघा.

*कोर्ट कुठलं?* टेक्सासात पहिल्या-दुसऱ्या डीडब्ल्यूआयची केस काउंटी कोर्टात, तिसरी सहसा डिस्ट्रिक्ट कोर्टात. एकवीस वर्षांखालच्यांच्या ‘डीयूआय’ची तर म्युनिसिपल किंवा जस्टिस कोर्टात. न्यू जर्सीत काउंटी शोधून उपयोगच नाही, तिथे हा वाहतुकीचा गुन्हा धरतात आणि केस गावाच्या म्युनिसिपल कोर्टात चालते.

*राज्य बदललं की नियम बदलले.* मेरीलँडमध्ये सगळ्या काउंट्यांचा शोध एकाच सरकारी साइटवर, फुकट. विस्कॉन्सिनमध्येही तसंच, पण तिथे पहिला ओडब्ल्यूआय सहसा फौजदारी गुन्हाच नसतो, दिवाणी दंड असतो. कॅलिफोर्नियात फौजदारी केसची फाइल घरबसल्या बघता येत नाही, कोर्टात जावं लागतं. शिवाय २०२१ च्या एका निकालानंतर तिथल्या कोर्टांच्या नावांच्या यादीत जन्मतारीख टाकून शोध घेता येत नाही. म्हणजे एकाच नावाच्या माणसांचा घोळ वाढलाच!

*शेवटचा रकाना पहिला वाचा.* ‘फाइल्ड’ म्हणजे दाखल, दोषी नव्हे. ‘डिस्पोझिशन’ बघा. आरोप बदललेलाही असतो. टेक्सासात डीडब्ल्यूआयचं तडजोडीत ‘रस्ता अडवणं’ होतं, कॅलिफोर्नियात ‘बेदरकार चालवणं’.

*दोन खुणा जुळल्याशिवाय बोलू नका.* नाव ही खूण नाही. मधलं नाव, जन्मसाल, पत्ता, यातलं निदान दोन जुळायला हवं.

*काहीच सापडलं नाही तर?* तर एवढंच की, तिथे सापडलं नाही. टेक्सासात सुटलेली केस पुसून घेता येते. २०१७ पासून पहिल्या डीडब्ल्यूआयचा रेकॉर्डही काही अटींवर लोकांपासून झाकून घेता येतो. आणि परवाना निलंबित करण्याचं प्रकरण वेगळंच चालतं, ते काउंटीच्या फौजदारी रेकॉर्डमध्ये दिसत नाही.

तिसरा कॉल

आता खरं अवघड काम होतं. मावसबहिणीला फोन लावला. तिला आडून आडून सांगायला सुरुवात केली, “हे बघ, आधी शांतपणे ऐक हं...”

“ताई, डीडब्ल्यूआयचं का? मला माहितीये.”

“काय?”

“तिसऱ्या कॉलला सांगितलं त्याने. पुढे जायच्या आधी तुला हे कळायला हवं, म्हणाला. पण त्याची डेंटनची केस आहे. तू ही कुठली कॉलिनची काढलीस?”

मी काही बोलूच शकले नाही. दोन खंडांतली पाच माणसं जिच्या लग्नासाठी धावपळ करत होती, तिला एकानेही विचारलं नव्हतं. मीसुद्धा! स्क्रीनशॉट मावशीला गेला, काकांना गेला, मध्यस्थ बाईंना गेला. तिला नाही.

“मग तू मावशीला का नाही सांगितलंस?”

“कारण माझं अजून ठरत नव्हतं. आईने ‘दारू’ शब्द ऐकूनच फोन ठेवला असता आणि ठरवायचं मग राहिलंच असतं. त्याने केलं ते मला आवडलेलं नाही, ताई. अजिबात नाही. मी रोज रात्री स्कूटरवर असते, समोरून तसाच कुणीतरी आला तर? पण सांगितलं हे आवडलं. या दोन्हीचं काय करायचं ते बघतेय मी.”

मग थोडं थांबून म्हणाली, “तू एक काम कर ना. आता डेंटनचं बघ. तो म्हणाला तेवढंच आहे, की आणखी काही आहे, तेवढं मला सांग. मला. आईला नाही.”

आख्ख्या प्रकरणात रेकॉर्डचा खरा उपयोग मला या वाक्यात कळला. कोर्टाचा कागद माणसाला गाठायला नसतो. माणूस जे बोलला ते पडताळायला मात्र त्याच्यासारखं काही नाही.

डेंटन काउंटीची साइट उघडली. या वेळी आधी मधलं नाव, मग जन्मसाल, मग केस नंबर, मग पहिल्या तारखेपासून शेवटपर्यंत एकेक ओळ. अटकेची तारीख, आरोप, कबुली, एक वर्षाची देखरेख, इंटरलॉकची अट, २०२३ मध्ये डिसमिस. त्याने सांगितलेलं प्रत्येक वाक्य त्या पानावर होतं. न सांगितलेलं एकही नव्हतं. मग शेजारच्या डॅलस आणि टॅरंट काउंट्याही बघितल्या. काही नाही. तिला तसं कळवलं आणि कॉलिनचा तो स्क्रीनशॉट सगळ्यांच्या फोनवरून डिलीट करायला लावला. काकांना ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ शिकवण्यात अर्धा तास गेला.

लग्न झालं का? नाही. दोन महिने बोलून तिने नकार कळवला. केसमुळे नाही. तिला पुणं सोडायचं नव्हतं आणि त्याला आता टेक्सास. “तिकडे दूध आणायलाही गाडी काढावी लागते, ताई, मला नाही जमायचं.” हे तिने त्याला स्वतः सांगितलं. त्याने घरी आई-वडिलांना तीन वर्षांचं खरं कारण सांगितलं, तेही स्वतःच. दिवाळीला मला त्याचा मेसेज आला होता. शुभेच्छांचा.

मावशी मात्र हार मानणाऱ्यातली नाही. परवा पुन्हा पहाटे फोन.

“अगं, एक फार सुरेख स्थळ आलंय. न्यू जर्सीचं. तुझी ती काउंटी उघड आणि बघ की जरा!”

“मावशी, न्यू जर्सीत काउंटी बघून उपयोग नाही.”

“मग काय बघायचं?”

“धाकटी घरात आहे ना? आधी तिच्याकडे बघ!”